खाऱ्या हवेत शाईची पेने: पावसाळ्याआधी काय आवरावे, काय भरलेले ठेवावे

वेंगुर्ल्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घर चिऱ्याचे, समुद्र जवळ. संग्रहात ३२ पेने आणि १४ दौती. सगळे भिंतीतल्या फडताळात, पेने मखमली अस्तराच्या खोक्यांत, त्यातली दहा-बारा कायम शाई भरलेली. गेल्या पावसाळ्यानंतर तीन निबांवर तांबूस ठिपके दिसले, एका निळ्या शाईवर साय धरली, काळे एबोनाइटचे (कडक केलेल्या रबराचे) पेन मातकट तपकिरी झाले. वहीत शाई फुटते. शिवाय आंबोलीमार्गे बेळगावला जाताना ड्रॉपरने भरायचे पेन खिशातच ओकले. घाटावरचे मित्र सांगतात, ‘पेने भरून वापरात ठेवा, म्हणजे बिघडत नाहीत.’ हे कोकणात चालेल का?

पावसाळ्यात नाही चालणार. घाटावर पेनाचा शत्रू म्हणजे शाई सुकणे. तिथे महिनाभर पडून राहिलेल्या पेनाच्या फीडमध्ये, म्हणजे निबखालच्या जिभेत, शाई वाळून बसते, म्हणून पेन चालते ठेवण्याचा सल्ला तिथे बरोबरच आहे. किनाऱ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत सुकण्याची भीती फार कमी असते. इथे भरलेले आणि न वापरलेले पेन म्हणजे टोपणाखाली बंद केलेले कोमट, रंगीत पाणी. बुरशीला याहून सोयीची जागा नाही. म्हणून पावसाळ्यात तीनच पेने भरलेली ठेवा, आणि तीही रोज हातात येणारी. उरलेली २९ पेने स्वच्छ, पूर्ण कोरडी आणि हवाबंद असावीत. दिवाळीनंतर दहा-बारा भरायला हरकत नाही. संख्या ऋतूप्रमाणे बदलायची, एवढे पक्के करा.

आता गंजाचे कारण, कारण बाकीचे उपाय त्यावरच उभे आहेत. शुद्ध मीठ ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटते ते यामुळेच. समुद्राच्या वाऱ्यातून येणाऱ्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, आणि ते त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेलाच ओलावतात. हा बारीक थर निबवर, क्लिपवर, टोपणाच्या कड्यावर बसतो. हवा दमट झाली की त्याचा खारट पाण्याचा पातळ पापुद्रा होतो. त्यातला क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही टोचून खड्डे पाडतो. ‘स्टेनलेस म्हणजे गंजणार नाही’ हा समज किनाऱ्यावर सोडावा लागतो. सोनेरी मुलामा दिलेली स्टीलची निब तर जास्त नाजूक असते, कारण मुलामा पातळ असतो आणि त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून गंज आतून फुलतो. ठिपके बहुधा निबच्या मधल्या भोकाशी आणि जिथे निब पकडीत, म्हणजे पेनाच्या बोटांनी धरायच्या भागात, शिरते त्या रेषेवर येतात. त्या फटींत ओल अडकून राहते. १४ कॅरेट सोन्याच्या निबला ही चिंता नाही, पण तिच्या पेनाची क्लिप बहुधा पितळी-मुलाम्याचीच असते, हे विसरू नका.

मिठाच्या बरणीने ढोबळ अंदाज येतो, पण डब्यासाठी आर्द्रता मोजणारे छोटे डिजिटल हायग्रोमीटर घ्याच. स्वस्त यंत्रे पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतात, म्हणून आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर आयोडीनयुक्त बारीक मीठ घ्या. थेंब-थेंब पाणी घालून भिजलेल्या वाळूइतके ओले करा. मीठ विरघळून पाणी वर तरंगेल इतके घालू नका. हे झाकण आणि हायग्रोमीटर एकत्र झिपच्या पिशवीत १२ तास बंद ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ८० आला तर यंत्र ५ ने जास्त दाखवते, तेवढे त्याच्यावर लिहून ठेवा. खडे मीठ इथे वापरू नका, वर सांगितलेल्या मॅग्नेशियममुळे आकडा चुकतो.

फडताळ सोडा. जांभ्याच्या भिंतीतून ओल झिरपते आणि फडताळाची मागची बाजू पावसाळाभर थंड-ओली राहते. मखमली खोकीही नकोत, कारण कापड आणि खालचे पुठ्ठे पाणी धरून ठेवतात. रबरी पट्टी असलेला, चारही बाजूंनी खटके असलेला प्लॅस्टिकचा १० लिटरचा डबा ३० पेनांना पुरतो. तो आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. त्यात १५० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल सुती पुरचुंडीत घाला. ३० अंशांना १० लिटर दमट हवेत पाणी जेमतेम पाव ग्रॅम असते, मग एवढे जेल कशाला, असे वाटेल. पण डबा उघडताना, पट्टीच्या फटीतून आणि आत ठेवलेल्या लाकूड-कागदातून पाणी येतच राहते, जेल त्याच्यासाठी लागते. डब्यात आर्द्रता ४० ते ५५ टक्के ठेवा. ३५ च्या खाली नेऊ नका. जुन्या पेनांच्या पिस्टनमधले बूच आणि लाकडी दांडी फार कोरड्या हवेत आक्रसतात, चिरतात.

नारिंगी जेल हिरवे पडले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा नारिंगी होते. निळे-गुलाबी होणारे जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते तापवताना-हाताळताना आरोग्याला अपायकारक आहे. तापवण्याचे ताट स्वयंपाकाला वापरायचे नाही. तांदळाची पुरचुंडी घालण्याची पद्धत बरीच दिसते. तांदूळ फार थोडे पाणी ओढतो, स्वतःच सादळतो आणि वर टोके पडतात. डांबराच्या गोळ्या तर मुळीच नकोत. त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिके मऊ होतात, चिकटतात, त्यांच्यावर जाळी पडते, आणि गेलेली चकाकी परत येत नाही. कपड्यांच्या कपाटात गोळ्या असतील तर त्या कपाटातही पेनांचा डबा ठेवू नका.

कॅमेऱ्यासाठी विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट मिळते. ४५-५० वर लावून ठेवले की सिलिकाचा व्याप संपतो, आणि दोन-चार तास वीज गेली तरी दार बंद असेल तर फरक पडत नाही. संग्रह पन्नासच्या पुढे जाणार असेल तर मी तेच सुचवेन.

एका डब्यात सगळे कोंबायचे नाही, यालाही कारण आहे. सेल्युलॉइड या जुन्या काळच्या प्लॅस्टिकची पेने हळूहळू नायट्रोजनची आम्लयुक्त वाफ सोडतात. ती बंद डब्यात साठली तर शेजारच्या धातूला आणि त्या पेनांनाही खाते. त्यांना वेगळा डबा द्या आणि पावसाची उघडीप मिळाली, हवा कोरडी वाटली की अर्धा तास उघडा. एबोनाइटमध्ये गंधक असते, त्यामुळे चांदीचे पेन त्याच्याजवळ काळवंडते. म्हणजे तीन गट: एबोनाइट, सेल्युलॉइड, आणि बाकीचे रेझिन-धातू-चांदी.

डब्यात जाणारे प्रत्येक पेन आतून कोरडे असले पाहिजे. बहुतेकांचे इथेच चुकते. धुण्यासाठी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरू नका. किनाऱ्यालगत त्यात क्षार असतात आणि फीडच्या बारीक खाचांत ते वाळून बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळते, ते वर्षभर पुरते. कन्व्हर्टर, म्हणजे शाई ओढून धरणारी आतली सुटी नळी, काढा, रबरी फुग्याच्या पिचकारीने पकडीतून पाणी मागून पुढे दाबा. वाटीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब घालून ते एकदा फिरवा, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने पाच-सहा वेळा. निब टीपकागदावर टेकवा. रंगाची छटा आली तर अजून शाई आहे. गरम पाणी नको. सॅनिटायझर, स्पिरिट, नेलपॉलिश काढायचे द्रव यांपैकी काहीही नको. ॲक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात आणि सेल्युलॉइड विरघळते.

मग वाळवणे. घाटावर निब खाली करून टिश्यूत रात्रभर उभे ठेवले की काम होते. श्रावणात ते पेन तिसऱ्या दिवशीही आतून ओले असते. म्हणून टिश्यूत एक रात्र, त्यानंतर टोपण न लावता सिलिकाच्या वेगळ्या छोट्या डब्यात २४ तास, आणि मगच टोपण सैल लावून संग्रहाच्या डब्यात. ओल्या पेनाला टोपण घट्ट लावून ठेवणे हे ते भरून ठेवण्याइतकेच वाईट.

तुमच्या तीन गंजलेल्या निबांसाठी: निब आणि फीड एकत्र, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात धरून सरळ ओढून काढा, पिळू नका. पण आधी त्या मॉडेलची निब ओढून निघते की आट्यांनी फिरते, याची खात्री करा. वरचे तांबूस डाग धातू चकाकवण्याच्या मलमाने, कापसाच्या काडीवर अगदी थोडे घेऊन पुसा. निबच्या मधल्या चिरेत मलम जाऊ देऊ नका, तिथे वाळले तर शाईचा मार्गच बंद होतो. १० पट भिंगातून पाहिल्यावर चिरेच्या कडेला खड्डे दिसले तर निब बदला. ५ आणि ६ नंबरच्या निबा सहज मिळतात, मात्र नंबर जुळला म्हणून लांबी आणि वक्रता जुळेलच असे नाही, जुनी निब शेजारी धरून बघा. फीड एबोनाइटचे असेल तर निब बसवल्यावर दोहोंमध्ये कधी फट राहते आणि पेन मध्येच कोरडे पडते. तेव्हा निब-फीडचा फक्त पुढचा भाग ८०-९० अंशांच्या पाण्यात १५-२० सेकंद धरा, बाहेर काढून कापडाने अंगठ्याखाली दाबून गार होऊ द्या. एबोनाइट ऊब मिळाली की नमते आणि निबला बिलगते. प्लॅस्टिकच्या फीडवर हे करू नका, आणि एबोनाइटची पकड पाण्याला लागू देऊ नका, पांढरट-तपकिरी होते.

हाच मुद्दा तुमच्या तपकिरी पेनाचा. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेले रबर. उजेड, त्यातही ऊन, आणि ओल एकत्र आली की पृष्ठभागावरच्या गंधकाचे ऑक्सिडीकरण होते, आम्ल तयार होते आणि काळा रंग तपकिरी-हिरवट होतो. खिडकीशेजारी उघड्यावर ठेवलेले पेन कोकणात एका पावसाळ्यातही बदलते. गेलेला रंग ‘परत आणणारे’ द्रव विकले जातात, पण ते वरून काळा थर देतात. खरा उपाय म्हणजे ऑक्सिडीकृत थर घासून काढणे: मायक्रोमेश हा अतिबारीक घासकागद ३२०० पासून १२००० नंबरपर्यंत, क्रमाने, कोरडा. यात शिक्के आणि नक्षी पुसट होतात. राजमहेंद्रीच्या रत्नमसारख्या, १९३० च्या दशकात स्वदेशीच्या हाकेतून उभ्या राहिलेल्या कारखान्याचे जुने पेन असेल आणि अंगावर कोरीव नाव असेल, तर घासू नका, तपकिरीच राहू द्या. नावाची किंमत चकाकीपेक्षा जास्त आहे. आणि खोबरेल लावू नका. दोन दिवस काळे दिसते, मग तेल खवट होते, धूळ धरते, आट्यांतून शाईत उतरते.

आता साय धरलेली शाई. ती टाका, गाळून वापरू नका. गाळणीतून बुरशीचे बीज सहज जाते. जुन्या शायांत फेनॉल असे, त्याचा तो दवाखान्यासारखा वास आठवत असेल. आजच्या बऱ्याच शायांत बुरशीनाशक सौम्य असते. त्या दौतीतून भरलेले प्रत्येक पेन संशयित समजा. कन्व्हर्टर फेकून द्या. प्लॅस्टिकचे फीड असेल तर ते निब काढून एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात दोन-तीन मिनिटेच ठेवा, मग दहा वेळा धुवा. निब त्यात घालू नका, ब्लीचमध्येही क्लोराइड आहे. एबोनाइटच्या फीडला ब्लीच नको, मऊ ब्रश, साबण आणि पूर्ण वाळवणे. ब्लीच आणि अमोनिया कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू निघतो.

पुढे साय धरू नये म्हणून पेन दौतीत बुडवणेच बंद करा. नव्या सिरिंजने ५ मिली शाई छोट्या कुपीत काढा, पेन कुपीतून भरा, उरलेली दौतीत परत ओतू नका. दौतीचे तोंड आणि आटे टिश्यूने पुसून मगच झाकण लावा. तिथली वाळलेली शाईच बहुतेक वेळा बुरशीचे पहिले घर असते. झाकण पत्र्याचे असेल तर त्याच्या कडेचा गंज शाईत पडतो, अशा दौतीची शाई आतून धुऊन वाळवलेल्या, प्लॅस्टिक झाकणाच्या काचेच्या बाटलीत हलवा. तळाशी पेन्सिलीने उघडल्याची तारीख लिहा. दौती पेनांच्या डब्यात ठेवू नका, अंधाऱ्या वेगळ्या पेटीत ठेवा.

मुंबईत दांडेकरांनी १९३१ मध्ये कॅम्लिनची सुरुवात शाईच्या पुडी आणि वड्यांपासून केली. कोरडी शाई सोबत ठेवायला, पाठवायला सोपी, आणि पाणी पडेपर्यंत तिच्यात काही वाढत नाही. आजही शाईची पुडी हवाबंद ठेवून लागेल तशी २०-३० मिली कालवणे ही दमट हवेतली शहाणी सवय आहे. कालवायचे पाणी अर्थातच डिस्टिल्ड.

पावसाळ्यातल्या तीन पेनांत कोणती शाई? पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची साधी निळी किंवा काळी. चकाकी-चंदेरी कणांची शाई फीडमध्ये बसते, आणि तांबूस झळाळी देणाऱ्या गडद शाया दमट हवेत महिनोन्‌महिने हाताला लागत राहतात. पिगमेंट शाई, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, पाण्याला टिकते, पण ती रोज लिहिल्या जाणाऱ्या पेनातच. लोह-टॅनिनची शाई कागदावर कमी फुटते आणि भिजलेल्या पाकिटावरही वाचता येते, म्हणून तिचा मोह रास्त आहे. हिरडा आणि हिराकस यांची आपल्याकडची काळी शाई हेच रसायन, लोहाचे क्षार आणि टॅनिन. पण ती आम्लधर्मी आहे. खारी हवा आणि ही शाई मिळून स्टीलची निब लवकर खातात. सोन्याच्या निबमध्येच भरा आणि दर १५ दिवसांनी धुवा. चित्रकलेची इंडिया इंक मात्र कुठल्याच पेनात नको, तिच्यातला लाखेचा अंश फीडमध्ये कायमचा बसतो.

वहीत शाई फुटते त्याला पेनाचा दोष कमी आहे. कागद सादळला की त्याचे तंतू सुटतात, वरचे खळीचे आवरण ढिले होते आणि शाई तंतूंवरून पळते. कोऱ्या वह्या झिपच्या पिशवीत १०-१५ ग्रॅम सिलिकासह ठेवा, चालू वही रात्री त्यातच परत. निब बारीक घ्या. जपानी फाइन जर्मन फाइनपेक्षा बारीक लिहिते, पावसाळ्यात हा फरक उपयोगी पडतो. शाई ‘कोरडी’ वाहणारी हवी, पेलिकन ४००१ त्यातली. साध्या ७५ ग्रॅमच्या झेरॉक्स कागदापेक्षा ८५-१०० ग्रॅमचा बाँड कागद घ्या. टीपकागदही सादळतो, तो वहीबरोबर पिशवीतच असू द्या.

राहिला आंबोलीचा घाट. वेंगुर्ले समुद्रसपाटीला, आंबोली साधारण ७०० मीटरवर. तेवढ्या चढाने हवेचा दाब सुमारे ८ टक्के उतरतो. ड्रॉपरच्या पेनात ४ मिलीची जागा आणि २ मिली शाई असेल, तर उरलेली २ मिली हवा फुगून सुमारे ०.१७ मिली शाई बाहेर ढकलते. म्हणजे तीन थेंब, आणि तीन थेंबांनी सदरा जातो. हाताच्या उबेने तेच घडते, म्हणून हे पेन एक तृतीयांशाखाली आले की लिहितानाही टिपका टाकते. इथे पेच आहे. अर्धे भरले तर ओकते आणि काठोकाठ भरले तर ४ मिली संपायला महिना लागतो, तोवर बुरशीची धास्ती. म्हणून पावसाळ्यात ड्रॉपरची पेने धुऊन डब्यात घाला आणि त्या तिघांत कन्व्हर्टर किंवा तयार शाईच्या काडतुसाचीच (कार्ट्रिजची) घ्या. पाऊण-एक मिली शाई रोज लिहिणाऱ्याची दोन आठवड्यांत संपते.

कोरड्या दिवसांत ड्रॉपरचे पेन घाटावर न्यायचे असेल तर निघण्याआधी काठोकाठ भरा नाहीतर पूर्ण रिकामे करा. मोहरीच्या दाण्याएवढे सिलिकॉन ग्रीस आट्यांवर फिरवा. व्हॅसलीन चालत नाही, ते रबराच्या वायसरला फुगवते. वाटभर निब वर, आणि आंबोलीला चहाला थांबाल तेव्हा निब वरच ठेवून टोपण सावकाश काढा, आतला दाब तिथे सुटतो. टोपणात आलेली शाई टिश्यूने टिपून मग पुढे निघा.